हौसाचा गळा

हे माझ्या तोंडून आजवर कुणी ऐकलेलं नाही. बायकोनं नाही, रोज संध्याकाळी ज्याच्याबरोबर समुद्रावर जाऊन बसतो त्या मित्रानं नाही. देवापुढे उभा राहतो तेव्हाही मी दुसरंच काहीतरी पुटपुटून परत येतो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही समोर नाही आणि तुमचं तोंड मला बघावं लागणार नाही. आणि खरं सांगायचं तर गेल्या महिन्यापासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

झालं असं, की आमच्या अलिबागच्या वाचनालयात माझा सत्कार केला. शाल, नारळ, हार, सगळं यथासांग. एक वकीलसाहेब भाषणाला उभे राहिले आणि म्हणाले, या गावाला दृष्टी दिली ती या माणसानं. दृष्टी हा शब्द त्यांनी सहा-सात वेळा तरी घोळवला असेल. मी मान खाली घालून बसलो होतो. लोकांना वाटलं, केवढा विनय. विनय कसला, कपाळ. मांडीवरचा तो नारळ घेऊन स्वतःच्याच डोक्यात घालावा असं मला वाटत होतं.

मी फोटो काढतो. दुकानाच्या पाटीवर मात्र 'चित्रकार व फोटोग्राफर' असं आहे — चित्रकार आधी. तेवढा ताठा अजून आहे. तरुणपणी मुंबईला चित्रशाळेत तीन वर्षं काढली. तिथे एक म्हातारे मास्तर होते. पाठीमागे येऊन उभे राहायचे आणि एकच सांगायचे — जे तुला माहीत आहे ते काढू नकोस, जे दिसतंय ते काढ. नाक कसं असतं हे तुला माहीत आहे, म्हणून तू नाक काढतोस. गाढवा, समोर बसलाय त्याचं नाक बघ. तीन वर्षं मी दुसरं काही शिकलो नाही, फक्त बघायला शिकलो. हे नीट ध्यानात ठेवा. पुढे कुणी माझी कीव करून म्हणू नका, की बिचाऱ्याच्या लक्षात आलं नसेल.

चित्रांवर पोट भरेना, म्हणून गावी परत आलो आणि फोटोचं दुकान टाकलं. आता या धंद्यातली एक गोष्ट तुम्हाला सांगावीच लागेल, नाहीतर पुढचं कळायचं नाही. तेव्हा आम्ही काचेवर फोटो घ्यायचो, आणि ती काच लाल रंग काळा दाखवायची. कपाळाचं कुंकू काळं, गालावरची पुटकुळी काळी. डोळ्याला जे पुसट गुलाबी दिसतं, ते फोटोत ठसठशीत डाग होऊन यायचं. मग कोण घेईल तो फोटो? म्हणून काच आधी साफ करावी लागे. खिडकीपाशी उजेडासमोर काच उभी धरायची, पेन्सिलीला सुईसारखं टोक करायचं, आणि डाग असेल तिथे बारीक बारीक ठिपके देत बसायचं. छापून आला की चेहरा लोण्यासारखा. देवीचे वण गेले, सुरकुत्या गेल्या, पन्नाशीची बाई तिशीची झाली. या कामात अख्ख्या कुलाबा जिल्ह्यात माझा हात धरणारा कुणी नव्हता. अजूनही नाही.

दुसरं काम मयताचं. जिवंतपणी कोण फोटो काढतो? माणूस गेलं की घरच्यांना आठवण व्हायची, की अरे, भिंतीवर लावायला काहीच नाही. मग मला बोलावणं. मयताला आंघोळ घालून, नवं नेसवून खुर्चीत बसवायचं, छातीशी फडकं गुंडाळून मागून गाठ मारायची म्हणजे कलंडत नाही. डोळे अर्थातच मिटलेले. ते मी नंतर छापलेल्या फोटोवर कुंचल्यानं उघडायचो. पुरुषांना समोर बघणारे काढायचो, बायकांना जरा खाली बघणारे. का म्हणाल तर सुरुवातीला एका बाईला मी समोर बघणारे डोळे काढले, तर तिचा नवरा फोटो परत घेऊन आला. म्हणे, ही अशी काय बघतेय माझ्याकडे. मी दुरुस्त करून दिले. तेव्हापासून माझ्या फोटोतली एकही मेलेली बाई भिंतीवरून कुणाच्या डोळ्याला डोळा देत नाही.

मी गोल गोल फिरतोय, ते मलाही कळतंय. थांबा. येतो.

मिठाच्या सत्याग्रहाच्या आधी तीनेक वर्षं. फाल्गुन होता, मिठागरांवर कामाची घाई होती. धरमतरच्या खाडीकडच्या खारेपाटातून एक माणूस धावत आला. तिथल्या मिठागराच्या मुकादमाची सून गेली होती, फोटो हवा होता. पोयनाडपर्यंत टांगा, पुढे बैलगाडी. भर दुपारी पोचलो. कौलारू घर, नवं कोरं. आसपासच्या गावांतली निम्मी माणसं त्या मुकादमाच्या हाताखाली मीठ ओढत होती, तेव्हा अंगणात गर्दी भरपूर आणि आवाज शून्य. मुलगा काशिनाथ, म्हणजे तिचा नवरा, ओट्याच्या कडेला बसला होता. विहिरीवर पाय घसरला, असं मला सांगितलं. तिचं नाव हौसा. वीस वर्षांची असेल नसेल.

तिला ओटीवर खुर्चीत बसवलं होतं. हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू, नाकात नथ, आणि पदर हनुवटीपर्यंत ओढून गुंडाळलेला. मला तो पदर खुपला. चेहऱ्यावर त्याची सावली पडत होती. मी म्हटलं, पदर जरा खाली घ्या. कुणी हललं नाही. जिनं तिला आंघोळ घातली होती ती शेजारची म्हातारी माझ्याकडे नुसती बघत राहिली. तेव्हा मीच पुढे झालो आणि दोन बोटांनी पदर खाली सरकवला. चांगला उजेड मिळावा म्हणून. दुसरं काही माझ्या मनात नव्हतं — उजेड, बस.

कॅमेऱ्यामागच्या काळ्या फडक्याखाली डोकं घातलं. तिथे माणूस उलटं दिसतं, पाय वर आणि डोकं खाली. गळ्यावर काहीतरी करडं करडं दिसलं. सावली असेल म्हटलं. आकडे मोजले, फोटो घेतला. मी फडक्यातून बाहेर येईपर्यंत म्हातारीनं पदर परत हनुवटीपर्यंत ओढला होता.

दुसऱ्या दिवशी काच धुतली आणि खिडकीपाशी उजेडात धरली. मघाशी सांगितलं ना, काच लाल रंग सोडत नाही? गळ्याच्या एका बाजूला चार खुणा, दुसऱ्या बाजूला एक. मी माझाच हात माझ्या गळ्याला लावून बघितला. चार बोटं इकडे, अंगठा तिकडे.

विहिरीला बोटं असतात का हो?

आणि मग मी काय केलं असेल? धावत कचेरीत गेलो? कोर्ट माझ्या दुकानापासून हाकेच्या अंतरावर आहे, फौजदार माझं गिऱ्हाईक, रोज रामराम घालायचा. नाही. मी पेन्सिलीला टोक केलं. मला कुणी सांगितलं नव्हतं बरं का. मुकादमाचा माणूस आला नव्हता, धमकी नव्हती, काही नव्हतं. डाग दिसला की पुसायचा, ही हाताची सवय. अर्ध्या तासात गळा साफ झाला. मी काच लांब धरून बघितली, आणि — हे लिहिताना माझं मलाच थोबाड फोडावंसं वाटतंय — मला समाधान वाटलं. काम सुरेख झालं होतं.

आठवड्यानं काशिनाथ काही कामाला गावात आला तेव्हा दुकानात डोकावला. मी विचारलं, डोळे कसे होते हिचे? मोठे, बारीक, घारे? तो जरा विचारात पडला आणि म्हणाला, बायकांचे असतात तसे. चार वर्षांचा संसार केलेला माणूस. पण त्याला कुठल्या तोंडानं नावं ठेवू? मीही तसेच काढले, बायकांचे असतात तसे.

फोटो अजून दुकानातच होता तेव्हा तिचा बाप आला. हिराजी त्याचं नाव, खाडीपलीकडच्या मिठागरावर मजूर. मिठात उभं राहून त्याच्या पायांना भेगा पडलेल्या होत्या. कनवटीला सुपारी, डोक्याला फडकं. त्याच्याबरोबर त्याची धाकटी मुलगी चांगुणा होती, पंधरा-सोळा वर्षांची. ती पायरीवरच थांबली. तो आत आला, खुर्ची दिली तरी बसला नाही. जमिनीकडे बघत म्हणाला, "मास्तर, माजे पोरीला तुमी भिंगातना बगितलाव. तिच्या आंगाव काय व्हता का?"

मी टेबलावरचे कुंचले सरळ लावायला लागलो. मग त्यानंच सांगितलं. मुकादमाच्या घरून निरोप आला होता, की धाकटी द्या, घर मोडायला नको. आमच्याकडे हे चालतं, थोरली गेली की धाकटी त्याच घरात. घर भरलेलं, अडचण काही नव्हती. पण त्याच्या मनात एक काटा रुतला होता. मयताला न्हाऊ घालताना सगळ्या बायका रडतात, ती म्हातारी रडली नव्हती. "गप ऱ्हायली ती, मास्तर. रडली आसती तं माजा जीव निवला आसता." त्यानं तिला दोनदा जाऊन विचारलं होतं. ती मुकादमाच्या जागेत राहणारी, ती काय बोलणार? म्हणून तो माझ्याकडे आला. म्हणाला, माणूस खोटं बोलेल, भिंग कशाला बोलेल?

एवढा विश्वास. त्याच्या बापजन्मात त्यानं माझं दुकान बघितलं नव्हतं.

मी त्याला फोटो दाखवला. त्यानं आधी हात धोतराला पुसले, मग कडेला धरून फोटो उजेडाकडे नेला. डोळे बघितले आणि तो हुंदके देऊन रडायला लागला. "बगते माजी पोर, बगते." ते तिचे डोळे नव्हतेच, बापाला तेवढंही कळलं नाही, मी इतके चांगले काढले होते. मग त्यानं गळा बघितला. बराच वेळ बघितला. माझ्याकडे वळला.

मी म्हणालो, "बघा, काही नाही. मी स्वतः बघितलंय. काही नव्हतं."

सांगून टाकलं एकदाचं. पण तुम्ही अजून काच विसरू नका. ती माझ्या पाठीमागच्या कपाटात होती, हात मागे केला असता तर हाताला लागली असती. पेन्सिलीचं काम पक्कं नसतं हो. टर्पेंटाइनचा बोळा एकदा फिरवला की सगळे ठिपके निघून जातात आणि खाली जे असतं ते जसंच्या तसं. दोन मिनिटांचं काम. बोळा टेबलावर होता, बाटली टेबलावर होती, बाप समोर होता, आणि पायरीवर ती पोर उभी होती, ओठांवर पदराचं टोक धरून रस्त्यावरचे टांगे बघत.

का नाही फिरवला? दहा वर्षं मी स्वतःला कारणं सांगत आलो. मुकादम मोठा माणूस, वैर कशाला. कोर्टात साक्षीला ओढतील. हात दाखवून अवलक्षण. सगळी खोटी कारणं आहेत. मी मुकादमाला घाबरलो नव्हतो, तो माझं काय वाकडं करणार होता? खरं कारण इतकं क्षुद्र आहे की सांगताना जीभ अडखळते. तो माणूस माझ्या चित्रापुढे रडत होता. चित्रशाळा सोडल्यापासून माझ्या कामापुढे असं कुणी उभं राहिलं नव्हतं. त्याला कसं सांगू, की बाबा, हे खोटं आहे, हे मी रंगवलंय, खालचं खरं वेगळंच आहे? माझं चित्र खोटं आहे हे मला माझ्या तोंडानं म्हणवेना. एवढंच. त्या एवढ्याशा फुशारकीपायी मी एका पोरीचा बळी दिला.

"मंग बरा हाय," तो म्हणाला. मला हात जोडून निघून गेला.

वैशाखात लग्न लागलं. फोटोला मलाच बोलावलं, आणि मी गेलो. निर्लज्ज माणसाला आमंत्रण पुरतं. नवरा खुर्चीत, नवरी बाजूला उभी. भिंतीवर हौसाचा फोटो, त्याला हार. मी फडक्याखाली डोकं घातलं तर चांगुणा थेट भिंगात बघत होती. घाबरून नव्हे. आत कोण आहे ते बघावं, तशी. उलट्या काचेतून ती नजर मला सोसेना. मी बाहेर येऊन म्हणालो, पोरी, नजर जरा खाली घे. तिनं घेतली. फोटो सगळ्यांना आवडला.

मग मिठाचा सत्याग्रह आला. अलिबागच्या रस्त्यावर पांढऱ्या टोप्याच टोप्या. मीही खादी घातली, चरख्याजवळ बसून फोटो काढून घेतला. सभेत पहिल्या रांगेत बसायचो. सत्य, सत्य, सत्य — घसा बसेपर्यंत घोषणा दिल्या. ताकाला जाऊन भांडं लपवणारे पुष्कळ बघितलेत, मी तर भांडं डोक्यावर घेऊन मिरवत होतो.

त्याच दिवसांत एका सकाळी चांगुणा दुकानात आली. एकटी. सुक्या मासळीची टोपली घेऊन बाजाराला जातेय असं सांगून निघाली होती म्हणे. तीन वर्षांत बरीच वाळली होती. टोपली खाली ठेवली, आजूबाजूला बघितलं आणि पदर बाजूला केला. जबडा काळानिळा, आणि गळ्यावर त्या खुणा. चार इकडे, एक तिकडे. या वेळी काच लागत नव्हती. नुसत्या डोळ्याला दिसत होत्या.

ती म्हणाली, हे काढा, आणि काही पुसू नका.

पुसू नका, असं म्हणाली ती. हौसाला आंघोळ घालणाऱ्या त्या म्हातारीनं तिला सगळं सांगितलं होतं, मरायच्या आधी. दोन दिवसांनी गावकी बसणार होती. तिथे बायकांचं तोंडचं बोलणं कोण ऐकतो? पण फोटो दाखवला तर ऐकतील, असं तिनं मनाशी धरलं होतं. माहेरी जायची परवानगी हवी होती तिला, बाकी काही नको होतं. बापाला आणलं नव्हतं, कारण बाप म्हणायचा की मास्तरांनी स्वतः सांगितलंय, पहिलीच्या अंगावर काही नव्हतं, त्या घराला नाव ठेवायला जागा नाही. ऐकताय ना? माझा शब्द तो बाप ढालीसारखा पुढे करत होता, स्वतःच्या पोरीच्या अंगावर.

आणि मी हिशेब केला. हा फोटो गावकीत गेला, तर कुणीतरी विचारणारच, मग पहिलीचा तेवढा साफ कसा? काच मागतील. मी म्हणालो, काचा संपल्यात, मुंबईहून यायच्यात, सत्याग्रहामुळे माल अडकलाय. माझ्या मागे काचांच्या दोन पेट्या होत्या. तिनं पेट्यांकडे बघितलं. वाचता येत नव्हतं तिला, पण पेटी भरलेली आहे की रिकामी ते कळायला अक्षरओळख लागत नाही.

ती रडली नाही, भांडली नाही. दारापाशी जाऊन उन्हात उभी राहिली, पदर बाजूला धरून. म्हणाली, "ऱ्हाऊंदे काच. आता तं बगताव ना तुमी? उजेडात हाय मी. दोन दिसांनी गावकीत येऊन तोंडानं सांगाल का, का तुमी बगितलाव?"

एवढंच मागत होती. डोळ्यांनी दिसलं ते तोंडानं सांगायचं. तीन वर्षं चित्रशाळेत मी दुसरं काय शिकलो होतो?

मी म्हणालो, "हल्ली मला जवळचं नीट दिसत नाही, पोरी."

पेन्सिलीच्या टोकानं पापणीचा केस न् केस काढणारा माणूस मी. तिनं टोपली उचलली, डोक्यावर ठेवली आणि गेली. त्या दिवशी दुपारी मी एका वकिलाच्या नातवाचा बारशाचा फोटो काढला, तोही चांगला आला.

गावकीनं काय केलं ते बाजारात ऐकलं. पुरावा काय, असं विचारलं. नांदायला जा म्हणाले. गेली.

नंतर दोन वर्षं मला त्या घराची काही खबर नव्हती, आणि मी काढलीही नाही. मग मुकादम वारला, काशिनाथ मुकादम झाला. घरादाराचा एकत्र फोटो हवा म्हणून गाडी पाठवली. मी पुन्हा गेलो. अंगणात सतरंजी अंथरली, माणसं ओळीनं बसवली. चांगुणा काशिनाथच्या डाव्या हाताला, मांडीवर पोर. तिचा डावा डोळा पांढरा पडलेला होता. बुबुळ नाहीच, नुसतं पांढरं. जात्याचा खुंटा लागला, असं काशिनाथ आपणहून म्हणाला, मी विचारलं नव्हतं. मग मला जरा बाजूला घेऊन म्हणाला, फोटोत तेवढा डोळा नीट काढा मास्तर, भिंतीवर लावायचाय, चार माणसं येतात जातात.

फोटो घेताना ती समोर बघत होती. उरलेल्या एका डोळ्यानं, थेट. मी तिला नजर खाली घे म्हणालो नाही. फार मोठं काम केलं म्हणायचं.

घरी आलो. फोटो छापला. कुंचला घेतला. आणि कुणी विचारत असेल, की या वेळी तरी काही वाटलं का, थांबलास का? नाही थांबलो. दोन दिवस खपलो. उजवा डोळा बघून बघून डावा काढला. आजवर काढलेल्या डोळ्यांत असा उतरला नव्हता. वाचनालयातले वकीलसाहेब बोलत होते ते याच फोटोबद्दल, त्यांनी तो त्या घरी जाऊन पाहिलाय. तुम्हीही पाहा. पहिल्या खोलीत, समोरच्याच भिंतीवर आहे. अगदी जवळ जाऊन, उजेडात धरून बघा. तिचा डोळा कुठला आणि मी काढलेला कुठला, तुम्हाला ओळखता येणार नाही.